ट्रायपॉड नेता येत नाही तिथे

कॅननची ७०-२०० मिलिमीटर एफ/४ ही पांढरी लेन्स १९९९ मध्ये आली. सात वर्षांनी, २००६ मध्ये, तीच लेन्स इमेज स्टॅबिलायझेशन (आयएस) घेऊन आली. फोकल लेंग्थ तीच, ॲपर्चर तेच, पुढे लागणारा फिल्टरही त्याच ६७ मिलिमीटरचा. जुनी ७०५ ग्रॅमची, नवी ७६० ग्रॅमची. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. पुढे बरीच वर्षं दोन्ही लेन्स शेजारी शेजारी विकल्या जात होत्या आणि फोटोग्राफीवर पोट असलेल्या अनेकांना त्यांतली एक निवडावी लागत होती. अहेरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. मलाही निवडावी लागली, आणि त्यासाठी मी बराच वेळ घेतला. इथला हिशेब मुंबई-पुण्याच्या हिशेबासारखा सुटत नाही.

आधी स्टुडिओ कशावर चालतो ते सांगतो. बाराही महिने आधार असतो तो पासपोर्ट फोटोंचा: शाळा-कॉलेजचे प्रवेश, जातीचे दाखले, बँकेची खाती, भरतीचे फॉर्म. त्यानंतर एप्रिल-मेमधली लग्नं. याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, गावागावांत रोख पैसा आलेला असतो, आणि अल्बम, व्हिडिओ, मोठी फ्रेम यांचं बोलणं मोकळेपणानं होतं. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, त्यामुळे एकाच मांडवात मंगलाष्टकं आणि तेलुगू रीतीचा जिरं-गुळाचा विधी, दोन्ही चुकवून चालत नाही. तिसरं काम जंगलाचं आणि जंगलातल्या गावांचं. एखाद्या संस्थेच्या अहवालासाठी फोटो लागतात, कधी एखादी पुस्तिका निघते, बाकी सगळं माझ्या ओढीपायी. पैसा सर्वांत कमी इथे, आणि मी जास्तीत जास्त रमतो तेही इथेच. लांब लेन्स हवी होती ती याच कामासाठी.

तोवर माझ्याकडे क्रॉप सेन्सरची बॉडी, तिच्यासोबत आलेली किट लेन्स आणि ५० मिलिमीटरची एफ/१.८ एवढा संसार होता. ५० ची लेन्स स्वस्त, हलकी आणि उजेडाच्या बाबतीत दिलदार. मांडवात तिने मला कधी दगा दिला नाही. पण झाडाच्या शेंड्यावरचा शेकरू किंवा नदीच्या मधोमध डोंग्यात उभा असलेला कोळी तिच्यात मावत नाही, म्हणजे ठिपक्याएवढाच मावतो.

लांब लेन्सची अडचण अशी की ती समोरचं दृश्य जवळ आणते तसा हाताचा कंपही मोठा करते. निरोगी माणसाचा हातसुद्धा स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा तो बारीक थरथरतो, श्वासाची आणि नाडीची लय त्यात वेगळी मिसळते. म्हणून फिल्मच्या काळापासून एक नियम चालत आला: फोकल लेंग्थ जेवढी, निदान तेवढ्या अंशाचा शटर स्पीड ठेवा. २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद. माझ्यासारख्या क्रॉप बॉडीवर १.६ ने गुणायचं, म्हणजे १/३२०. उन्हात हे सहज मिळतं. आलापल्लीच्या सागवानाखाली सकाळी सातला मिळत नाही.

स्टॅबिलायझेशन म्हणजे लेन्सच्या आत बसवलेले दोन चिमुकले जायरो सेन्सर. एक वर-खाली होणारा कल मोजतो, दुसरा डावीकडे-उजवीकडे होणारा. ते मोजमाप बारीक प्रोसेसरकडे जातं आणि तो चुंबकाच्या जोरावर भिंगांचा एक गट उलट दिशेनं सरकवतो. नदीवरून पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईचे पाय खाचखळग्यात वरखाली होत असतात आणि मान मात्र त्याच क्षणी उलटा तोल सावरत असते. भिंगांचा तो गट त्या मानेचं काम करतो. शटर बटण अर्धं दाबलं की आत हलकी घरघर ऐकू येते, आणि अर्ध्या-एक सेकंदात व्ह्यूफाइंडरमधलं नाचणारं चित्र एकदम जागच्या जागी बसतं. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस डोळा काढून लेन्सकडे बघतोच. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आणली कॅननच्या ७५-३०० ने, १९९५ मध्ये. तिच्यात दोन स्टॉपचा फायदा सांगितला जायचा. माझ्यासमोर असलेल्या लेन्ससाठी दावा चार स्टॉपचा होता. कागदावर त्याचा अर्थ १/३२० च्या जागी १/१६०, मग १/८०, मग १/४०, मग १/२०.

कागदावरच्या आकड्यावर दुप्पट पैसे टाकायची माझी ऐपत नव्हती. चंद्रपूरच्या एका मित्राकडे ही आयएसवाली लेन्स होती. तो ताडोब्यात पर्यटकांसोबत जातो, स्वतःही उत्तम फोटो काढतो. त्याचं मत ठाम होतं: ‘तुला ह्याची गरज नाही. मी बहुतेक वेळा बंदच ठेवतो.’ त्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. ताडोब्यात तो चालत्या वाघाचे, उडत्या पक्ष्यांचे फोटो घेतो, शटर १/५०० च्या वर असतं. त्या वेगाला हाताचा कंप उरतच नाही, आणि जिप्सीच्या दांडीवर धानाचा कोंडा भरलेली कापडी पिशवी टाकून तिच्यावर लेन्स टेकवली की उरलेलं काम ती पिशवी करते. इंजिन बंद करायला मात्र चालकाला सांगावं लागतं. गाडीची थरथर हाताच्या थरथरीपेक्षा वेगळ्या जातीची असते आणि लेन्समधला जायरो तिच्यापुढे गोंधळतो. तरीही मित्रानं लेन्स मला काही दिवस वापरायला दिली. तिच्या अंगावर स्टॅबिलायझेशनचं बटण आहे. ते बंद केलं की स्वस्तातली लेन्स आणि चालू केलं की महागातली, असा दोन्हींचा अनुभव एकाच नगात घेता येतो. विकत घेण्याआधी कुणालाही हीच पद्धत सांगेन.

पहिल्यांदा गेलो आलापल्लीच्या वनवैभवात. अहेरीहून जवळ. सहा हेक्टरांचा हा राखलेला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. आत शिरलं की मान वर करूनही सागाचा शेंडा लवकर हाती लागत नाही, आणि खाली जमिनीवर पोचणारा उजेड गाळून गाळून आलेला असतो. आयएसओ १६०० ठेवून, एफ/४ वर मला १/४० मिळत होतं. बटण बंद असताना खोडाची साल पुसट यायची. बटण चालू केल्यावर सालीवरच्या मुंग्या मोजता येत होत्या. फांदीवर पाय दोन्हीकडे सोडून दुपारची झोप काढणारा शेकरू मिळाला. त्याच्या मिशांचे केस वेगवेगळे दिसत होते. तो उठला, पुढच्या झाडावर झेपावला, आणि त्या झेपेचा फोटो म्हणजे तपकिरी फराटा. मागची पानं मात्र स्वच्छ.

तो फराटा मी जपून ठेवला आहे, कारण एवढ्या स्पष्टपणे ही गोष्ट दुसरं काही सांगत नाही. स्टॅबिलायझेशन माझा हात थांबवतं. शेकरूला थांबवत नाही. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं असं नाही, पण वाचणारा ते वाचत नाही. ‘कमी उजेडातही स्पष्ट फोटो’ एवढंच डोक्यात राहतं आणि माणूस मांडवासाठी ही लेन्स घेतो.

मांडवात तिची परीक्षा लगेच झाली. नवरी हसते, करवली वळते, अक्षता उडतात, कुणीतरी मध्येच पुढे येतं. बोलत्या चेहऱ्याला निदान १/१०० लागतं, नाचत्या वरातीला १/२५० हवं. तिथे १/२० ला हात स्थिर ठेवून मला काय मिळणार? मागचा पडदा कोरीव आणि पुढची माणसं विरघळलेली. शिवाय मांडवात फ्लॅश आहे, व्हिडिओवाल्याचा लाइट आहे. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून छोटा असतो, हलण्याचा प्रश्न तो स्वतःच मिटवतो. लग्नासाठी जास्तीचे पैसे खर्चायचेच असतील तर ते एफ/२.८ वर किंवा चांगल्या फ्लॅशवर खर्चावेत, असं माझं तेव्हा झालेलं मत फोटोंपुरतं आजही कायम आहे.

म्हणजे ज्या कामातून पैसा येतो तिथे ही सोय जवळपास निरुपयोगी, आणि जिथे उपयोगी तिथे पैसा नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर स्वस्तातली लेन्स घेऊन मोकळा झालो असतो. शहरातल्या कुणालाही मी आजसुद्धा तेच सांगेन: स्थिर वस्तूचे फोटो काढायचे असतील तर साधी लेन्स आणि चांगला ट्रायपॉड घ्या. ट्रायपॉडपुढे कुठलंही स्टॅबिलायझेशन टिकत नाही, आणि दोन्ही मिळूनही खर्च कमीच होतो.

पण आमच्याकडे ट्रायपॉड नेता येत नाही.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. १९८० च्या सुमारास नक्षल चळवळ या भागात आली आणि पुढची चार दशकं इथल्या पायवाटांवर बंदूक हिंडत राहिली, दोन्ही बाजूंची. काळ्या कापडात गुंडाळलेली लांब वस्तू खांद्यावर टाकून रानातून एकटा चालणारा माणूस दुरून कसा दिसतो, हे इथे राहणाऱ्याला समजावून द्यावं लागत नाही. भामरागडच्या रस्त्यावर एकदा मला थांबवलं, पिशवी उघडायला लावली, मी ट्रायपॉडचे पाय उलगडून दाखवले. जवान समजूतदार होते, चहा पाजून त्यांनी सोडलं. पण त्याच दिवशी पुढच्या गावात गावपाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘भाऊ, कॅमेरा आण, काही हरकत नाही. हे लांबडं नको आणत जाऊ. लेकरं घाबरतात.’ लेकरं घाबरत होती की त्यांना आणखी कशाची काळजी होती, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रायपॉड स्टुडिओच्या कोपऱ्यात गेला. आता परिस्थिती खूप निवळली आहे, रस्ते झाले, गाड्या वाढल्या, तरी तो कोपऱ्यातच आहे. पाटलांचा शब्द मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

नदीवरही तेच. प्राणहितेच्या डोंग्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याचे गुडघे पोटाशी येतात; तिथे तीन पाय कुठे रोवणार? कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये हत्तीजवळ काठ्या उभारणं माहुताला आवडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कोलामार्का, जिथे रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, त्या बाजूला पायी किती सामान वाहायचं याला मर्यादा आहे. मचाणावर तर बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी बसलो तेव्हा हलायचीसुद्धा चोरी. चंद्रप्रकाशात कुठलीच लेन्स कामाची नव्हती, ती रात्र डोळ्यांनी बघायची होती. पहाटे झुंजुमुंजू झालं, पाणवठ्यावर रानगवा आला, मान खाली घालून शांतपणे पाणी प्यायला लागला, आणि बांबूच्या मचाणावर कोपर टेकवून १/३० ला घेतलेला तो फोटो आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी किंमत चुकीच्या पारड्यात टाकून बघतोय असं नव्हे, बाजारच ती तशी मांडतो: साधी लेन्स एकीकडे, आयएसवाली दुसरीकडे, मधला फरक हा स्टॅबिलायझेशनचा भाव. अहेरीत मधला फरक हा न नेता येणाऱ्या ट्रायपॉडचा भाव आहे. एकदा हिशेब असा मांडल्यावर दुप्पट किंमत मला दुप्पट वाटेना.

तरी ५० च्या लेन्सचा युक्तिवाद उरलाच होता, आणि तो मी स्वतःशी बराच घोळवला. एफ/१.८ म्हणजे एफ/४ पेक्षा सव्वादोन स्टॉप जास्त उजेड, तोही कुठल्याही मोटारीशिवाय. छोट्या लेन्सला शटरही कमी पुरतं. मग गावातल्या घरांत, पडवीत, चुलीपाशी तीच का वापरू नये? वापरतोच. पण ५० ने चेहरा भरून घ्यायचा तर माणसाच्या हातभर जवळ जावं लागतं. शहरी माणसाला त्याची सवय झाली आहे. माडिया घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याजवळ काळा डबा नेला की ती बोलणं थांबवते, पदर सावरते, हात मांडीवर ठेवते आणि आधार कार्डासाठी बसल्यासारखी बसते. तिला तसं बसवणं मला अपमानास्पद वाटतं. फ्लॅश तर तिथे काढायचाच नाही, हे मी ठरवून टाकलेलं आहे. अंगणाच्या या टोकाला बसून, तिच्या नातवाशी गप्पा मारत, तिला तिचं काम करू देत फोटो घ्यायचा असेल तर लांब लेन्सच हवी.

मित्राची लेन्स हाताशी असताना असा एक फोटो मिळाला. पडवीत मोहफुलं निवडत बसलेली आजी, उजेड फक्त अंगणाकडून येणारा, १३५ मिलिमीटर, एफ/४, १/२५. हात सुपात, नजर फुलांवर. ती हलत नव्हती असं नाही, पण तिच्या वयाच्या माणसाच्या कामाला एक संथ ठेका असतो आणि त्यात क्षणभराचा थांबा असतो. तो थांबा पकडायचा आणि आपण श्वास रोखायचा. स्टॅबिलायझेशन असलं तरी हे करावंच लागतं. कोपर बरगड्यांना, पाठ खांबाला.

काही महिन्यांनी तिचा नातू स्टुडिओत आला. शिकायला अहेरीत होता. ‘भाऊ, आजी गेली. मोठा फोटो करून द्या जी.’ आणि मोबाइल पुढे केला. मोबाइलमधला फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, गर्दीत मागे उभी असलेली आजी. मोबाइलच्या काचेवर ठीक दिसत होता. मॉनिटरवर मोठा केल्यावर डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग. असे फोटो घेऊन आमच्याकडे नेहमी लोक येतात. पूर्ण आयुष्यात त्या माणसाचे दोन-तीनच फोटो निघालेले असतात, त्यातला एक आधार कार्डाचा, एक समूहातला, आणि घरच्यांना बारा-अठराची फ्रेम हवी असते. हललेला फोटो मोठा होत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर त्यात खरा चेहरा घालू शकत नाही. ते दुसऱ्याच कुणाचा तरी गुळगुळीत चेहरा घालतं आणि घरचे लोक तो बघून गप्प होतात. मी मोहफुलांचा फोटो काढून दाखवला. नातवानं बराच वेळ काही न बोलता बघितला, मग सुपातल्या हाताकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हा चांदीचा कडा माझ्या बहिणीकडे आहे आता.’ बारा-अठराच्या छपाईत कड्यावरची नक्षीसुद्धा उमटली.

त्या छपाईचे पैसे मी घेतले नाहीत, पण लेन्स घ्यायची की नाही हा प्रश्न माझ्यापुरता तिथे संपला. घरात मात्र संपला नव्हता. दुकानाचा हिशेब बायको ठेवते आणि तो काटेकोर असतो. तिनं सरळ विचारलं, ‘ह्या लेन्सने कोणती नवी ऑर्डर येणार?’ मी म्हटलं, एकही नाही. तिला हे उत्तर आवडलं, कारण याआधी प्रत्येक खरेदीच्या वेळी मी दहा ऑर्डरी मोजून दाखवायचो. तिनं वही काढली, पुढच्या लग्नसराईंवर रक्कम विभागून टाकली आणि दोन अटी घातल्या: कर्ज काढायचं नाही, आणि नवी घ्यायची नाही. नागपुरात वापरलेली एक चांगली मिळाली. अशी लेन्स घेताना काय बघायचं ते सांगून ठेवतो: बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र बसतं का, बसून पुन्हा उडी मारतं का, घरघर एकसारखी आहे की खरखर येते, आणि टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं दिसतं का. कॅमेऱ्याला न लावता लेन्स हलवली की आत किंचित खुळखुळ ऐकू येते. ती आयएसच्या सुट्या गटाची असते, तेवढ्यानं घाबरू नये.

बुरशीची गोष्ट आमच्याकडे गंभीर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा फुगते, भामरागडचा संपर्क तुटतो, हवा ओल्या कांबळ्यासारखी अंगावर बसते. काच जिवंत असल्यासारखी बुरशी धरते. जितके हलणारे भाग जास्त, तितकी दुरुस्ती महाग, आणि दुरुस्तीसाठी नागपूर गाठायचं म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. हा खर्च बाजारभावात दिसत नाही, पण लेन्स घेताना धरावा लागतो. या बाबतीत मला मिळालेल्या लेन्सचा एक गुण मला आधी पुरेसा माहीत नव्हता. जुन्या साध्या ७०-२०० ला धूळ-पाण्यापासून सील नाही, आयएसवालीला आहे. पुढे फिल्टर लावला की ते सील पुरं होतं. म्हणजे दुपटीतला काही भाग त्या सीलचाही आहे. भिंगंही वेगळी मांडली आहेत, जुनीत सोळा, नवीत वीस. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि पुड्या तव्यावर गरम करून परत वापरतो.

तिची खरी कसोटी लागली एप्रिल २०२२ मध्ये, प्राणहिता पुष्करात. बारा वर्षांनी येणारा हा योग, सिरोंचाच्या घाटावर माणसांचा लोट. उन्हं चढल्यावर तर प्रत्येकाच्याच मोबाइलमध्ये फोटो येत होते. मला हवी होती उजाडण्याआधीची वेळ: कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून, ओंजळ धरून, पूर्वेकडे तोंड केलेली माणसं. त्या गर्दीत ट्रायपॉड उभा करणं म्हणजे कुणाला तरी पाडणं. आणि प्रार्थनेत उभा असलेला माणूस, त्याच्याइतकं स्थिर दुसरं काही नसतं. १/२० पर्यंत खाली गेलो. सगळे फोटो आले नाहीत. चार स्टॉपचा दावा माझ्या हातात तीनपर्यंतच उतरतो, १/४० ला खात्री आणि १/२० ला नशीब. कंपन्या हे आकडे प्रयोगशाळेत काढतात. जपानी उत्पादकांच्या सीपा या संघटनेनं २०१२ मध्ये त्याची एक ठरलेली रीत आखली, त्यामुळे निदान एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. पण प्रयोगशाळेतलं यंत्र पहाटे तीनला उठून, उपाशीपोटी, गुडघाभर पाण्यात उभं राहिलेलं नसतं. दाव्यातून एक स्टॉप वजा करून विकत घ्यायचं की नाही ते ठरवावं. वय वाढलं असेल तर हाही हिशेब बदलतो. पन्नाशीनंतर माझ्या हाताचा कंप वाढला आहे, तसा या लेन्सचा भाव माझ्या लेखी वाढत चालला आहे.

नदीच्या पलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात फोटो काढले. त्यांचं राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ चं. त्या काळी लेन्समध्ये ना जायरो होता ना मोटार, फिल्मही आजच्या मानानं मंद. ते फोटो बघताना मला दर वेळी जाणवतं ते हे की ते तिथे राहिले होते. लोक त्यांच्यासमोर थांबत होते कारण ओळख झाली होती. शटरचा प्रश्न त्या ओळखीनं बराच सोपा केला असणार. म्हणून स्टुडिओत शिकायला येणाऱ्या पोरांना मी सांगतो, गावात पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. हे स्टॅबिलायझेशनपेक्षा स्वस्त आहे आणि लेन्सला बुरशी लागली तरी चालू राहतं.

आता माझा भाचा दुकान बघायला लागला आहे. त्याच्या हातात मिररलेस बॉडी आहे आणि स्टॅबिलायझेशन तिच्या पोटातच आहे. भिंगाऐवजी सेन्सरच सरकतो. तिच्यावर माझी जुनी ५० चढवली तर तीही स्थिर होते, हे बघून मी खरोखर हरखलो. मी आयुष्यभर ज्याचा हिशेब केला ते त्याला प्रत्येक लेन्सवर मिळतं. लांब लेन्सवर मात्र आमच्या दोघांच्याही डोळ्यांना लेन्समधली यंत्रणाच सरस वाटते, कारण २०० मिलिमीटरला सेन्सरनं जेवढं सरकायला हवं तेवढी जागा बॉडीत नसते.

माझं गणित त्याला जसंच्या तसं लागूही होत नाही. त्याच्या ऑर्डरमध्ये व्हिडिओ आधी येतो आणि अल्बम नंतर. व्हिडिओत शटर १/५० च्या आसपास बांधलेलं असतं, चालत चालत चित्रण करायचं असतं, आणि हात हलला की एखादा फोटो जात नाही, सगळं दृश्यच डुलायला लागतं. ज्या मांडवात मला ही सोय कवडीच्या कामाची नव्हती, त्याच मांडवात त्याची बॉडी आपला पैसा वसूल करून देते. त्यानं ती घेताना बायकोनं वही उघडली तेव्हा मीच त्याच्या बाजूनं बोललो. जंगलात जाताना माझी पांढरी लेन्स घेऊन जा, असंही सुचवलं. तो म्हणाला, ‘मामा, तिकडे तुम्हीच चला. फोटो तुम्ही घ्या, व्हिडिओ मी करतो.’ येत्या मोहाच्या दिवसांत कमलापूरकडे जायचं ठरलं आहे.